काजळीचा डोह आणि झाकण-उचलणीचा मान

एका जंगलात एक डोह होता. आता तुम्ही म्हणाल, गोष्ट प्राण्यांची सांगणार होतात, मग हे पाणी कुठून आलं? थांबा की जरा, बाळांनो. डोहात म्हैस आहे. नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं वर आहेत, म्हणून तुम्हाला ती दिसली नाही.

तिचं नाव काजळी. रानम्हैस होती, अंगानं भरलेली, स्वभावानं शांत. सकाळी गवत खायचं, ऊन तापलं की डोहात उतरायचं आणि डोळे मिटून रवंथ करत बसायचं, एवढाच तिचा दिनक्रम. डोहावर तिचा फार जीव होता. तिची आई याच डोहात बसायची. आईची आईसुद्धा. म्हशीला डोह नसला तर उन्हाळ्यात तिची कातडी तडकते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुम्ही काय, पंख्याखाली बसणारे.

तर त्या डोहात वरून एक ओढा यायचा. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला वानरांनी रसाचा कारखाना काढला होता.

कारखाना मोठा जोरात चालायचा हं! उन्हाळ्यात रायवळ आंबे, मग जांभळं, मग करवंदं, थंडीत आवळे. वानरं फळं पिळायची, रस मोठ्या चुलवणावर आटवायची आणि रांजण भरभरून जंगलभर पाठवायची. रस अगदी झकास. त्याबद्दल काजळीचीसुद्धा तक्रार नव्हती.

तक्रार होती ती उरलेल्या पाण्याची. कोयी धुतलेलं पाणी, सालं भिजवलेलं पाणी, रांजण खंगाळलेलं पाणी, सगळं ओढ्यात. ओढ्यातून डोहात. दोन दिवसांत ते आंबायचं. वर पिवळा फेस, खाली काळा गाळ आणि घमघमाट असा, की बगळ्यांनीसुद्धा डोह सोडला. मासे तर कधीच गेले होते.

काजळी तरी बसायची. काय करणार? बाहेर आली की अंगाला खाज सुटायची. झाडाला पाठ घासून घासून तिची पाठ सोलवटून निघाली. एके दिवशी तिला स्वतःच्याच डोहात उतरायचं धाडस होईना. काठावर उभी राहिली आणि तिला रडूच फुटलं. म्हशी रडतात, बाळांनो. फक्त कुणी बघत नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि ती तडक कारखान्यावर गेली.

कारखान्याचे अध्यक्ष होते पिंगळोजीराव वानर. शेपूट दोनदा गुंडाळून मांडीवर ठेवायचे, म्हणजे समोरच्याला कळायचं की अध्यक्ष बसलेत.

"या या, काजळीबाई!" पिंगळोजीराव म्हणाले. "रस घेणार?"

"रस नको. तुमचं पाणी तेवढं आवरा. माझा डोह नासला हो."

"अहो, ते पाणी फळांचंच आहे. पौष्टिक असतं."

"मग तुम्ही बसा त्यात."

पिंगळोजीरावांनी शेपटीची एक गुंडाळी सोडली आणि परत घातली. "विषय गंभीर आहे," ते म्हणाले. "आपण तो महाराजांसमोर मांडू."

जंगलाचे महाराज होते व्याघ्रसिंह. वाघच होते, पण नावात सिंह असला की जरा वजन पडतं, म्हणून ठेवलं होतं. मनानं चांगले. फक्त कुठल्याही गोष्टीचा पूर्ण विचार होईपर्यंत त्यांच्या जेवणाची वेळ व्हायची. त्यांचे सगळे कार्यक्रम बघायला एक साळिंदर होतं, कंटकराव. कुणी काही शंका काढली की कंटकरावांच्या पाठीवरचे काटे सळसळायचे, म्हणून फारशा शंका कुणी काढत नसे.

दरबारात काजळीनं सगळं सांगितलं. महाराज हळहळले. खरंच हळहळले. मग कंटकरावांनी तोडगा काढला.

"डोह नासलाच आहे, महाराज. मग तोच सांडपाण्याचा अधिकृत डोह म्हणून जाहीर करू. म्हणजे तक्रारीला जागाच उरणार नाही."

"वा!" महाराज म्हणाले.

काजळी दाद मागायला आली होती आणि निघाली होती डोह गमावून. इतक्यात तिच्या खुराजवळून बारीक आवाज आला.

"महाराज, त्या पाण्यात विस्तव आहे."

सगळे खाली बघू लागले. एक शेणकिडा होता. तात्या म्हणत त्याला. आयुष्यभर शेणाचे गोळे ढकलून त्याला शेणाविषयी इतकं कळायचं, की त्याच्याशी बोलायला कुणी थांबत नसे.

"विस्तव? पाण्यात?" पिंगळोजीराव हसले.

"हसा," तात्या म्हणाला. "तुमचं आंबलेलं पाणी एका खड्ड्यात घ्यायचं. त्यात काजळीचं ताजं शेण कालवायचं, विरजण म्हणून. वर झाकण म्हणून रांजण पालथा घालायचा. वारा आत जाता कामा नये. आत बारीक बारीक जीव असतात. ते पाण्यातली घाण खातात आणि गॅस सोडतात. गॅस जमला की रांजण आपोआप वर उचलला जातो. त्या गॅसवर तुमचं चुलवण पेटेल आणि खालून जे पाणी निघेल त्याला वास नसेल."

"आमचं पोटही असंच चालतं की," काजळी एकदम म्हणाली. रवंथ करणारीला ही गोष्ट चटकन कळली.

पिंगळोजीरावांचे कान मात्र 'चुलवण' या शब्दावर टवकारले होते. कारण कारखान्याभोवतीची वाळकी लाकडं संपत आली होती आणि ओल्या लाकडाच्या धुरानं रसाला धुरकट वास मारायला लागला होता. अध्यक्षांना डोहाचं काही नव्हतं. रसाचं होतं.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"चाळीस. पण झाकण उघडायचं नाही. अजिबात नाही."

महाराजांना भूक लागली होती. त्यांनी निकाल देऊन टाकला. तीन पौर्णिमांची मुदत. तिसऱ्या पौर्णिमेला त्या गॅसवर चुलवण पेटलं, तर डोह काजळीचा. नाही पेटलं, तर डोह सांडपाण्याचा आणि काजळीनं दुसरीकडे कुठंतरी जाऊन बसावं.

"तात्या," बाहेर आल्यावर काजळी म्हणाली, "जमेल ना रे?"

"शेण तुझं, डोकं माझं. न जमायला काय झालं?"

मग काय विचारता! काजळीनं करवंदीच्या जाळीत शिंगांनी खड्डा खणला. पिंगळोजीरावांनी उदार मनानं एक तडा गेलेला रांजण दिला. तडा डिंकानं आणि चिकणमातीनं बुजवला. बांबूची नळी बसवली, सांधे मेणानं बंद केले. आंबट पाणी एकदम ओतायचं नाही म्हणून तात्यानं त्यात चुलवणातली राख कालवायला लावली. "पोटाला सोसेल तेवढंच घालायचं," तो म्हणायचा. काजळी रोज सकाळी ताजं शेण टाकायची आणि रांजणाकडे मोठ्या मायेनं बघत बसायची.

वीस दिवस झाले. रांजण चार बोटं वर आला! काजळीनं आनंदानं शेपटीचा असा फटकारा मारला, की तात्या तीन हात लांब जाऊन पडला.

आता या जंगलातली एक रीत तुम्हाला सांगायची राहिली. तीच तर खरी मेख आहे.

फार वर्षांपूर्वी महाराजांच्या आजोबांना कुणीतरी मधाचा म्हणून रांजण भेट दिला होता. आजोबांनी त्यावर तासभर भाषण केलं, मधाचे गुण सांगितले आणि शेवटी झाकण काढलं, तर आत एक बेडूक. सगळा दरबार हसला. तेव्हापासून जंगलात नियमच झाला. कुठलंही नवं काम असो, मान्यवरांनी येऊन त्याचं झाकण उचलायचं, आत वाकून बघायचं आणि 'वा!' म्हणायचं. त्याशिवाय त्या कामाला मान्यता नाही. याला म्हणत झाकण-उचलणी.

मधमाश्यांच्या नव्या पोळ्याची झाकण-उचलणी झाली होती. महाराजांचं नाक पंधरा दिवस सुजलं होतं. सुगरणीच्या खोप्याचीही झाली होती. खोप्याला झाकणच नव्हतं, म्हणून आधी ते बसवून घेतलं होतं.

तर एकविसाव्या दिवशी सकाळी पडघम वाजले. पुढे कंटकराव, मागे महाराज, त्यांच्या मागे हार घेतलेली वानरं.

काजळी आडवी उभी राहिली. "महाराज, उघडू नका! आत्ताच कुठे गॅस धरतोय."

"काजळीबाई," कंटकराव म्हणाले आणि त्यांचे काटे सळसळले, "न बघता मान्यता कशी द्यायची? उद्या आत बेडूक निघाला तर?"

बेडकाचं नाव निघताच महाराज गंभीर झाले. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. दोन अस्वलांनी रांजण उचलला. आत जमलेला सगळा गॅस फुस्सकन निघून गेला. महाराजांनी वाकून आत बघितलं. समोर शेण, सालं आणि आंबट पाणी.

"वा!" महाराज नाक दाबून म्हणाले. टाळ्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत रांजण खाली टेकला तो टेकलाच.

"वारा शिरला," तात्या म्हणाला. "आतली मंडळी रुसली. आता पुन्हा पहिल्यापासून."

काजळीचा संताप झाला होता. पण संतापून खड्डा चालत नाही. तिनं पुन्हा शेण घातलं, पुन्हा राख कालवली, पुन्हा कडा चिखलानं लिंपल्या. पुन्हा दिवस मोजायला लागली. चोविसाव्या दिवशी रांजण वीतभर वर आला. आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा पडघम.

या खेपेला राणीसाहेब येणार होत्या. महाराजांनी बघितलं आणि आपण नाही, हे त्यांना चाललं नव्हतं. घरोघरी असतंच ते. शिवाय मागच्या वेळी महाराजांना वास आला होता, त्यामुळे कंटकराव आता फार दक्ष झाले होते. राणीसाहेब यायच्या आधीच त्यांनी रांजण बाजूला करवला आणि खड्ड्यात कडुनिंबाचा कडक काढा ओतवला. दोन मोठे रांजण भरून.

"अहो, हे काय केलंत!" काजळी ओरडली.

"निर्जंतुक केलं," कंटकराव अभिमानानं म्हणाले.

"आतले जीवच तर काम करत होते!"

"जीव होते ना? आता नाहीत. राणीसाहेबांना कसलाही धोका नाही."

राणीसाहेबांनी वाकून बघितलं, 'वा!' म्हणाल्या आणि निघून गेल्या. जाता जाता कंटकरावांनी आणखी एक आनंदाची बातमी दिली. प्रकल्प एवढा गाजला होता, की आता दर आठवड्याला एक मान्यवर झाकण-उचलणीला येणार होते. हत्तींचे सरदार, गिधाडांचे प्रमुख, मगरींच्या मातोश्री. यादी तयार होती.

सगळे गेले. काजळी डोहाच्या काठावर मटकन बसली. समोर पिवळा फेस वळवळत होता. आईची आठवण आली तिला.

"तात्या, मुदतीला किती दिवस उरले?"

"बेचाळीस."

"आणि लागतात चाळीस."

"हो. पण न उघडता चाळीस. आठवड्याला एक 'वा!' झाला तर चारशे दिवसांतही व्हायचं नाही."

काजळीनं रवंथ सुरू केलं. तुम्हाला सांगतो, रवंथ करताना म्हशीला घाई करू नये. ती दुपारभर चघळत राहिली. ऊन कललं तेव्हा तिचं तोंड थांबलं.

"तात्या, त्यांना आत काय आहे ते बघायचंच नाहीये रे."

"मग?"

"त्यांना झाकण उचलायचंय."

तात्या तिच्याकडे बघत राहिला. शेणकिड्याचा जन्म घेऊनही आपल्याला हे कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी काजळी कंटकरावांकडे गेली. अगदी नम्रपणे मान खाली घालून उभी राहिली.

"साहेब, एवढे मोठे मोठे मान्यवर येणार. त्यांना आम्ही तो तडा गेलेला रांजण दाखवायचा? शेणात वाकायला लावायचं? मला तर लाज वाटते."

कंटकरावांचे काटे एकदम मऊ पडले. "अहो, हेच मी केव्हापासून म्हणतोय!"

"मान्यवरांसाठी वेगळा रांजण करावा म्हणते. नवाकोरा. ओढ्याच्या काठी, सावलीत. झाकणाला मूठ चांगली, म्हणजे उचलताना हात भरायला नको. आत स्वच्छ पाणी, त्यात वाळा."

"वाळा!" कंटकराव भारावून गेले. "काजळीबाई, तुम्हाला प्रशासनाची जाण आहे."

"आणि तो जुना राहील मागे, करवंदीच्या जाळीत. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही."

"जुन्याचं काय करायचं ते करा," कंटकराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर नवा रांजण तरळत होता.

बघा हं, बाळांनो. काजळी एक शब्दही खोटं बोलली नाही. तिनं जे जसं होतं तसंच सांगितलं. ऐकणाऱ्यानं हवं तेवढंच ऐकलं, त्याला ती काय करणार?

ज्या पिंगळोजीरावांनी आधी तडा गेलेला रांजण दिला होता, त्यांनी आता कारखान्यातला सगळ्यात देखणा रांजण काढला. त्यावर गेरू आणि चुन्यानं वेलबुट्टी काढली. झाकणावर मोरपीस खोवलं. भोवती दगड रचून चौथरा केला. दोन हरणांना फुलं पसरायला नेमलं. हे सगळं चार दिवसांत झालं.

मागे जाळीत काजळीनं खड्डा उपसला, निंबाचं पाणी काढून टाकलं आणि नव्यानं शेण भरलं. सांडपाण्याचा पाट थेट कारखान्यापासून तिथपर्यंत वळवून घेतला. बांबूची नळी जाळीतून चुलवणापर्यंत नेली आणि गॅस निसटू नये म्हणून तिच्या जाळीतल्या टोकाला मेणाचं बूच मारलं. तिच्या मदतीला फक्त तात्या होता. तो रांजणाच्या कडेला फिरून कुठे वारा शिरतोय का ते तपासायचा आणि दिसली फट की चिखलानं बुजवायचा. एवढंच चालू होतं मागे. कुणी टाळी वाजवली नाही.

पहिल्या आठवड्याला हत्तींचे सरदार आले. त्यांनी सोंडेनं झाकण उचललं, वाळ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "वा! सांडपाणी एवढं सुगंधी असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं."

"आमचं असतं," पिंगळोजीराव म्हणाले.

दुसऱ्या आठवड्याला गिधाडांचे प्रमुख आले. त्यांना सुगंधाचं जरा वावडंच, पण 'वा!' म्हणाले. मगरींच्या मातोश्रींनी झाकण तीनदा उचललं, कारण पहिल्या दोन वेळा त्यांना बघायला नात जागेवर नव्हती. एकदा तर एक मान्यवर चुकून जंगलाबाहेरून आलेला होता, त्यालाही उचलायला लावलं. उघडझाप उघडझाप करून नव्या रांजणाचं झाकण गुळगुळीत झालं.

आणि जाळीतला रांजण? तो मुकाट्यानं काम करत होता. पंधराव्या दिवशी बोटभर वर आला. पंचविसाव्या दिवशी वीतभर. तेहतिसाव्या दिवशी काजळीच्या गुडघ्याएवढा. काजळी रोज सकाळी येऊन लांबूनच बघायची आणि श्वाससुद्धा जपून घ्यायची.

"घाबरतेस कशाला?" तात्या विचारायचा.

"दोनदा पोळलेय रे. डोह गेला तर मी जाऊ कुठे?"

तात्या पुन्हा एक चक्कर मारून फटी तपासून यायचा.

अखेर तिसरी पौर्णिमा आली. दुपारी सगळं जंगल चुलवणाभोवती जमलं. व्याघ्रसिंह महाराज आले, राणीसाहेब आल्या. आधी नव्या रांजणाची महाझाकण-उचलणी झाली. म्हणजे नेहमीसारखीच, फक्त झाकण दोघांनी मिळून उचललं.

"वा!" महाराज म्हणाले.

"वा!" राणीसाहेब म्हणाल्या.

"आता चुलवण पेटवा," महाराजांनी हुकूम दिला.

एका वानरानं नळीच्या तोंडाशी गारगोट्या घासल्या. ठिणगी पडली. काही झालं नाही. पुन्हा घासल्या. काही नाही. कंटकरावांनी डोह सांडपाण्याचा झाल्याचा जाहीरनामा हळूच काढून हातात धरला. तो त्यांनी तयारच ठेवला होता.

काजळीला एकदम आठवलं. अरे देवा! बूच! नळीच्या दुसऱ्या टोकाला मेणाचं बूच तसंच राहिलं होतं. तिनं तात्याला शोधलं. तात्या जागेवर नव्हता. कारण तो आधीच जाळीत पोचला होता आणि सहाही पायांनी बूच ढकलत होता. आयुष्यभर गोळे ढकलल्याचा उपयोग झाला म्हणायचा!

वानरानं तिसऱ्यांदा गारगोट्या घासल्या आणि भप्पकन निळी ज्योत उठली. धूर नाही, काजळी नाही, धुरकट वास नाही. निळी, स्वच्छ, सुरेख ज्योत. रसाला उकळी फुटली. सगळं जंगल ओरडायला लागलं. आमची काजळी तर हंबरडाच फोडायची बाकी होती, इतका तिला आनंद झाला.

आणि नेमका त्याच वेळी महाराजांचा कान हलला.

"त्या करवंदीच्या जाळीत काय आहे? तिकडून बुडबुड आवाज येतोय." असं म्हणून महाराज चक्क उठले आणि जाळीकडे निघाले. उजवा पंजा सवयीनं झाकण उचलायच्या बेतात होता.

अडवावं तर मागच्यासारखं व्हायचं. खोटं काजळीला बोलता येत नव्हतं. मग तिनं खरंच सांगून टाकलं.

"काही नाही महाराज. तिथं शेण आहे, नासकं पाणी आहे आणि एक तडा गेलेला रांजण आहे. सगळं काम तिथंच होतं."

महाराज थांबले. त्यांनी काजळीकडे बघितलं. मग वेलबुट्टीच्या रांजणाकडे बघितलं, मग पुन्हा जाळीकडे. क्षणभर वाटलं, महाराजांना कळलं.

"असू दे, असू दे," महाराज म्हणाले. "काम होतं तिथं आमचं काय काम? जेवण कुठे आहे?"

आणि डोह काजळीचा झाला.

पाट आता आधी जाळीत जायचा. तिथून निघालेलं निवळ पाणी गवताला मिळायचं. गवत इतकं तरारलं, की काजळीला चरायला लांब जावं लागेना. डोहावरचा फेस गेला. गाळ हळूहळू खाली बसला. एक दिवस एक मासा दिसला. मग सात दिसले. बगळे परत आले आणि अजिबात न लाजता काजळीच्या पाठीवर येऊन बसले. पाठीवरच्या जखमा भरून आल्या. काजळी नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर ठेवून पुन्हा रवंथ करायला लागली.

इकडे चौथऱ्यावर मोठी शिळा बसली. त्यावर महाराजांचं नाव, राणीसाहेबांचं नाव, पिंगळोजीरावांचं आणि कंटकरावांचं नाव. काजळीचं नाव नव्हतं असं नाही हं. खाली बारीक अक्षरात होतं, रस्ता सांगायला. 'काजळीच्या डोहाजवळ.'

प्रकल्पाची कीर्ती पसरली. शेजारच्या सात जंगलांतून मंडळी बघायला आली. त्यांनी रांजणाची मापं घेतली, वेलबुट्टी उतरवून घेतली, वाळ्याच्या जुड्या बांधून नेल्या. सातही जंगलांत हुबेहूब सात रांजण उभे राहिले. सातही जंगलांत झाकण-उचलणी दणक्यात झाली. आणि सातही जंगलांत चुलवण काही पेटलं नाही. त्यांनी कंटकरावांना विचारलं, तेव्हा कंटकरावांनी पाहणी करून सांगितलं, की मोरपीस डावीकडे झुकलंय.

फक्त एक म्हातारी रानगाय जरा मागे रेंगाळली होती. तिच्याही डोहावर फेस यायचा. तिनं काजळीला हळूच विचारलं, "बाई, खरं कुठे असतं गं?"

काजळीनं तिला जाळीत नेलं आणि सगळं दाखवलं. शेण किती, राख किती, दिवस किती. तात्यानं फटी कशा बुजवायच्या ते शिकवलं.

"एवढंच?" रानगाय म्हणाली. "मग आधी हा खड्डा खणायला घेते."

"नको," काजळी म्हणाली. "आधी पुढचा रांजण रंगवायला घे. त्याशिवाय हा टिकायचा नाही."

तात्पर्य: तुम्हाला वाटलं असेल, मी आता काजळीच्या चिकाटीचं आणि तात्याच्या अकलेचं कौतुक करणार. छे! चिकाटी आणि अक्कल दोनदा वाया गेली, ती तुम्ही पाहिलीच. तेव्हा बाळांनो, मोठेपणी जगाचं काही भलं करावंसं वाटलं, तर आधी त्याच्यासमोर एक निरुपयोगी गोष्ट नीट, मन लावून, सुंदर बांधा. तिचं झाकण हलकं ठेवा. मूठ चांगली ठेवा. आणि आत वाळा घालायला विसरू नका.